कंपनीला चालणारा विनोद

शुक्रवारी दुपारी चारनंतर बऱ्याच कंपन्यांत 'फन अवर' नावाचा प्रकार असतो. एचआरची मंडळी कॉन्फरन्स रूममध्ये प्रोजेक्टर लावतात आणि ऑफिसची टर उडवणाऱ्या क्लिपा दाखवतात. सुट्टी मागताच चेहरा पाडणारा मॅनेजर, तासभर चाललेली आणि ईमेलच्या दोन ओळींत मावली असती अशी मीटिंग, संध्याकाळी सहाला 'छोटंसं काम आहे' म्हणून आलेला फोन. सगळे हसतात. मॅनेजरही हसतो, बहुधा सगळ्यांत मोठ्यानं तोच. मग कुणीतरी ग्रुपवर शनिवार-रविवारी सपोर्टला कोण थांबणार याची यादी टाकतं आणि हसू आटोपतं.

ज्याची टिंगल चालली आहे त्यानंच खर्च करून ती आपल्याला दाखवावी, एवढी ती टिंगल निरुपद्रवी का झाली? माझ्या मते याचं कारण आपण कशावर हसतो यात आहे. सरकारी कचेरीवर हसताना आपण नियमावर हसतो. खासगी कंपनीवर हसताना माणसावर हसतो. माणसावरचं हसू कंपनीला चालतं, कारण माणूस बदलता येतो. नियमावर कुणी हसू लागलं तर तो बदलावा लागेल, आणि त्याला पैसे पडतात.

ऑफिसवरच्या विनोदी चित्रपटांची चर्चा निघाली की पहिलं नाव येतं ते माइक जज यांच्या 'ऑफिस स्पेस'चं. 1999 चा चित्रपट. नायक पीटर एका सॉफ्टवेअर कंपनीत बँकांच्या प्रणाली 2000 सालासाठी दुरुस्त करत बसलेला असतो. अहवालाला नवं मुखपृष्ठ लावायचं तो विसरतो आणि ही एकच चूक सांगायला त्याच्याकडे एकामागून एक साहेब येतात. पुढे नोकरकपातीसाठी आलेल्या सल्लागारांना तो थंडपणे सांगतो की त्याला आठ बॉस आहेत. जास्त काम करून कंपनीचा चार पैशांचा फायदा झाला तरी त्यातलं त्याला काहीच मिळत नाही. आणि नोकरी जाईल या भीतीनं माणूस काम करतो खरं, पण हाकलणार नाहीत इतपतच. सल्लागार त्याच्यावर खूश होऊन बढतीची शिफारस करतात आणि मन लावून राबणाऱ्या त्याच्या दोन मित्रांना काढून टाकतात. कपातीचं गणित कामावर चालत नसतं, हे इतक्या कोरडेपणानं दाखवणारा प्रसंग मला दुसरा आठवत नाही.

चित्रपटगृहात तो फारसा चालला नाही. नंतर व्हिडिओ आणि केबलवर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण काय डोक्यावर घेतलं, तर लाल स्टेपलर. तळघरात ढकलल्या गेलेल्या मिल्टन नावाच्या कर्मचाऱ्याचा तो जीव की प्राण. त्या वेळी तो स्टेपलर लाल रंगात बाजारात मिळत नव्हता, चित्रपटासाठी रंगवून घेतला होता. मागणी इतकी आली की पुढे कंपनीनं तो लाल रंगात काढला. जो पगार न मिळता तळघरात बसला, त्याचं दुःख वस्तू होऊन ऑफिसांच्या टेबलांवर गेलं. आठ बॉसचं वाक्य मात्र कुणी मगवर छापून वाटल्याचं ऐकिवात नाही.

आता आपल्याकडे येऊ. नागपूर हे मुळात कचेऱ्यांचं शहर. मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी इथे होती, ती 1956 साली गेली. नागपूर कराराच्या आठवणीला धरून हिवाळी अधिवेशन दर डिसेंबरात येतं आणि सिव्हिल लाईन्सला काही दिवस राजधानीचा ताप चढतो. महालेखाकारांचं कार्यालय, कोळशाची वेकोलि, मँगनीजची मॉईल, रेल्वे, रिझर्व्ह बँक. निम्म्या शहराच्या घरात कुणी ना कुणी 'दफ्तरात' होतं. त्यामुळे कचेरीवर हसायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. साहेब दौऱ्यावर आहेत, बडेबाबू जेवायला गेलेत, फाईल वर गेली आहे, खाली आली की कळवू: ही वाक्यं इथल्या पोरांना पाढ्यांसारखी पाठ असतात.

आणि तो विनोद नीट पाहा, फार अचूक असतो. त्यात बाबू दुष्ट नसतो. तो पान खातो, मुलीच्या लग्नाची चिंता करतो, आपल्यासारखाच असतो. हास्यास्पद असतो तो नियम. निवृत्तिवेतनधारकानं दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा, समोर उभा असला तरी कागद लागतो! 'ऑफिस ऑफिस' मालिकेतला पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल 2001 पासून टीव्हीवर याच नियमांशी टकरा घेत होता. 2011 च्या चित्रपटात तर कागदोपत्री मेलेल्या मुसद्दीलालचं पेन्शनच बंद होतं. आपल्या विदर्भात रमेश इंगळे उत्रादकर यांनी 'निशाणी डावा अंगठा' या कादंबरीत साक्षरता मोहिमेची जी दैना रंगवली, तिच्यातही एखादा खलनायक शोधून सापडत नाही. वरून आलेला आदेश, खाली भरायचे तक्ते आणि मधे अडकलेले मास्तर. वाचून हसून झाल्यावर आपण मास्तरांना शिव्या देत नाही, मोहिमेच्या रचनेकडे पाहू लागतो. विनोदाकडून याहून जास्त काय मागावं?

हे कसब आपण खासगी ऑफिसच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवतो. तिथे आपला विनोद एकदम माणसांवर येतो. इंग्रजी झाडणारा टीम लीड, चमचेगिरी करणारा सहकारी, अप्रेझलच्या आधी गोड होणारा मॅनेजर. रील्सवर हे चोवीस तास चालू असतं, त्यातले काही पोट्टे तर खरोखर गुणी आहेत. नागपुरी बोलीत क्लायंट कॉल करून दाखवतात तेव्हा पोट धरून हसायला होतं. पण तो मॅनेजर असा का वागतो, त्याच्यावर कोणता आकडा बसलेला आहे, हे त्या रीलमध्ये नसतं.

याची कारणं उघड आहेत. सरकारचा नियम सार्वजनिक असतो. शासन निर्णय संकेतस्थळावर सापडतो, माहिती अधिकारात मागता येतो, वर्तमानपत्रात छापून त्याची खिल्ली उडवता येते. कंपनीचं धोरण आतल्या पोर्टलवर असतं आणि त्यावर 'गोपनीय' लिहिलेलं असतं. रुजू होतानाच सोशल मीडियावर कंपनीबद्दल काय लिहायचं नाही याच्यावर सही झालेली असते. शिवाय सरकारी कचेरीत आपण खिडकीच्या बाहेर उभे असतो आणि कंपनीत आत. आतला माणूस जपून हसतो.

पण माझ्या मते मोठं कारण वेगळंच आहे, ते आपल्या अभिमानात आहे. विमानतळाजवळचा मिहान हा उद्योग प्रकल्प येणार, येणार म्हणत या शहरानं किती वर्षं वाट पाहिली हे इथल्या कुणालाही विचारा. पोरं पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला जात होती. मग टीसीएस आली, एचसीएल आली, इन्फोसिस आली. परसोडीच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट होतीच. 2019 मध्ये मेट्रो सुरू झाली आणि खापरीला उतरणाऱ्या पोरापोरींच्या गळ्यातली ओळखपत्रं शहराला दिसू लागली. ज्या नोकरीसाठी आईनं नवस बोललेला असतो, तिच्यावर हसणं घरात अपशकुनी वाटतं. वर्षानुवर्षं सरकारी बाबूवर हसून हसून आपण स्वतःची एक समजूतही करून घेतली होती: खासगी म्हणजे चोख, तिथे कामचुकारपणा नाही, लाल फीत नाही. हसण्याचा असाही परिणाम होतो. एका दारावर इतकं हसलो की दुसरं दार आपोआप पवित्र झालं.

या शहराकडे टिंगलीची एक परंपरा आहे, ती दुसऱ्या कुठल्या शहराकडे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, आणि त्यांच्याबरोबर बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे. इतवारी-महालातल्या गल्ल्यांतून महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, त्या वर्षी जो पुढारी नजरेत भरला असेल त्याचा बडगा, असं सगळं वाजतगाजत जातं आणि शेवटी जळतं. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ही हाक तर सगळ्यांना माहीत. एकोणिसाव्या शतकापासून चाललेली ही मिरवणूक इंग्रजांना घाबरली नाही, दिल्ली-मुंबईतल्या सरकारांना घाबरली नाही. पण 'नोटीस पिरियड घेऊन जा गे मारबत' असं लिहिलेला बडगा माझ्या तरी पाहण्यात नाही. शहराला छळणाऱ्या गोष्टींत खासगी नोकरीच्या अटी धरायच्या असतात, हेच अजून आपल्याला सुचलेलं नाही.

हिंदी चित्रपटांनी यात काय केलं? 1979 चा 'गोलमाल' घ्या. तो आपण वेशांतराचा फार्स म्हणून पाहतो, पण त्याचा गाभा नोकरीच्या अटींचा आहे. भवानी शंकर हा मालक माणसाच्या मिशीवरून त्याचं चारित्र्य ठरवतो. तरुणांनी खेळात रस घेणं त्याला खपत नाही. म्हणजे कामाचे तास संपल्यावर नोकरानं काय करावं यावरही मालकाचा हक्क. अमोल पालेकरांचा रामप्रसाद हॉकीचा सामना पाहताना पकडला जातो आणि नोकरी वाचवायला बिनमिशीचा जुळा भाऊ जन्माला घालतो. एखाद्यानं क्रिकेटची मॅच पाहायला पोटदुखीचं कारण सांगून सुट्टी घेतली आणि स्टेडियममधला त्याचा फोटो इन्स्टाग्रामवर साहेबाला दिसला, तर आजही हेच कथानक चालेल. इथवर हृषीकेश मुखर्जींनी नियमाला नेमकं पकडलं होतं. पण सुटका कशी होते? नायक मालकाचा जावई होतो. कामगाराचा प्रश्न लग्नानं सोडवायची आपली जुनी खोड.

तीस वर्षांनी 'रॉकेट सिंग' आला, शिमित अमीन दिग्दर्शक, जयदीप साहनी लेखक. टार्गेटसाठी लाच देणं हाच जिथे नियम आहे अशा कंपनीत एक साधा सेल्समन त्याच ऑफिसच्या पोटात आपली छोटी कंपनी चालवतो. मला तो चित्रपट फार आवडतो, आणि एका गोष्टीसाठी त्याला जास्तीचे गुण देतो: त्याच्या भागीदारांत रिसेप्शनवरची मुलगी आहे आणि चहा देणारा छोटेलालही आहे, बरोबरीच्या नात्यानं. ऑफिसवरच्या बहुतेक चित्रपटांना ही माणसं दिसतच नाहीत. मिहानमधल्या चकचकीत इमारतीत फरशी पुसणारी बाई आणि फाटकावरचा गार्ड बहुधा कंत्राटदाराचे असतात. त्यांना ना फन अवर ना अप्रेझल. तरीही सुटकेचा मार्ग इथेही तोच, स्वतः मालक व्हा. प्रत्येक नोकरदार मालक होऊ शकत नाही, हे साधं अंकगणित आहे.

'ऑफिस स्पेस'चा शेवट तर नागपुरात बसून पाहावा. कंटाळलेला पीटर ऑफिस सोडून बांधकामावर मजुरी धरतो आणि मोकळ्या हवेत सुखी होतो. मे महिन्यात 45 अंशांत वर्धा रोडच्या साइटवर सळ्या वाकवणाऱ्या माणसाला ते सुख समजावून सांगा. अंगमेहनतीत मुक्ती शोधण्याची चैन तिथे परवडत असेल. आपल्याकडे कोणत्या जातींच्या वाट्याला ती मेहनत पिढ्यान् पिढ्या आली आणि ऑफिसची खुर्ची मिळवायला त्यांनी काय काय केलं हे माहीत असलेला माणूस तो शेवट हसून घेणार नाही. दीक्षाभूमीच्या शहरात तर नाहीच.

म्हणजे जावई होणं, मालक होणं, पळून जाणं. तिन्ही शेवटांत नियम जागच्या जागी राहतो.

आणि नियम किती विनोदी आहेत! नोटीस पिरियडच पाहा, म्हणजे राजीनामा दिल्यावरही कामावर राहायचे दिवस. आयटीत 90 दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास आहे. नवी कंपनी म्हणते तीस दिवसांत या, नाहीतर ऑफर गेली. गंमत अशी की त्याच नव्या कंपनीचा स्वतःचा नोटीस पिरियडही 90 दिवसांचाच असतो. दुसऱ्याची माणसं लवकर सुटावीत आणि आपली सुटूच नयेत, असं सगळ्यांनाच वाटतं. मधल्या दिवसांचे पैसे भरून सुटता येतं, पण कधी कधी मॅनेजर राजी असेल तरच, आणि मॅनेजरनं क्लायंटला या माणसाचं नाव पुढच्या तिमाहीपर्यंत सांगून ठेवलेलं असतं. सुटल्यावर रिलीव्हिंग लेटर मिळालं नाही तर पुढे पार्श्वभूमी तपासणीत अडकतं. सरकारी पेन्शनरला जिवंत असल्याचा दाखला लागतो, इथे सुटल्याचा दाखला. सदरच्या टपरीवर तर्री-पोहे खाताना 'काऊन बे, अजून सोडून नाही राहिले का तुले?' असं एकानं दुसऱ्याला विचारलं, तर ऐकणाऱ्याला तुरुंगाची गोष्ट चालली आहे असं वाटेल.

किंवा बेल कर्व्ह घ्या, म्हणजे टीममध्ये रेटिंगं आधीच ठरलेल्या प्रमाणात वाटायची पद्धत. काही कंपन्यांनी तो कागदावरून काढला, पण अनेक ठिकाणी वेगळ्या नावानं जगतो आहे. टीममध्ये आठ जण, आठही चांगले. पण वरच्या रेटिंगच्या जागा ठरलेल्या, आणि तळालाही कुणीतरी हवाच. मॅनेजरनं आता आठ चांगल्या माणसांतून एक वाईट माणूस तयार करायचा. तो रात्री बसून आठवतो, मार्चमध्ये कोण उशिरा आलं होतं. जिचं बाळंतपण नुकतंच झालं ती? जो पुढच्या महिन्यात तसाही जाणार आहे तो? त्याच रात्री दुसऱ्या मजल्यावर त्याचा साहेब अशाच आठ मॅनेजरांतून एक वाईट मॅनेजर तयार करत असतो. या एका रात्रीवर पूर्ण चित्रपट निघेल, आणि त्यात एकही खलनायक लागणार नाही.

तिसरं म्हणजे सीटीसी, एका माणसामागे कंपनीला पडणारा वर्षाचा एकूण खर्च. ऑफर लेटरवरच्या आकड्यात कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, मिळेल न मिळेल असा व्हेरिएबल, सगळं धरलेलं असतं. बाबा कॉलनीत मोठा आकडा सांगून पेढे वाटतात. पोरगं पहिल्या महिन्याच्या स्लिपकडे पाहत बसतं आणि बाबांना काही सांगत नाही. यातला विनोद नुसता दुःखी नाही, तो हिशेबाचा आहे, आणि हिशेबाचा विनोद मराठीइतका कुठे रंगणार?

याच शहरात खासगी नोकरीच्या अटी एके काळी चव्हाट्यावर असत. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. पेन्शनचा निधी 1886 मध्ये, अपघाताची भरपाई 1895 मध्ये: कायद्यानं भाग पाडण्याच्या कितीतरी आधी तिथे या गोष्टी होत्या. मिलची जागा गेली, तिथे मॉल आला, मल्टिप्लेक्स आलं. त्या मल्टिप्लेक्समध्ये बसणाऱ्या आयटीवाल्याला आपल्या ग्रॅच्युइटीचा नियम माहीत आहे का, हे विचारून पाहावं.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं: एसीत बसणाऱ्यांची कसली रडगाणी, शेतकऱ्याकडे पाहा. विदर्भात हे वाक्य हलक्यानं घेता येत नाही. पण शेतकऱ्याचं दुःख मोठं म्हणून रात्री अकराचा कॉल न्याय्य होत नाही. आणि हा प्रश्न आता दोन-चार चिडलेल्या इंजिनिअरांचा राहिलेला नाही. नारायण मूर्तींनी ऑक्टोबर 2023 मध्ये तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी 90 तासांचा आग्रह धरून, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असं विचारलं. सप्टेंबर 2025 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं दुकानं आणि खासगी आस्थापनांतली दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून दहावर नेण्याला मंजुरी दिली. उलट बाजूला, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळेंनी लोकसभेत मांडलं ते 2018 च्या अखेरीस. त्याचा कायदा झालेला नाही. बायकोकडे बघण्याच्या वाक्यावर देशभर मीम झाले. सगळे त्या एका माणसावर. तासांच्या मर्यादेवर किती झाले?

विनोदानं कायदे बदलत नाहीत, असं म्हणणारे म्हणतील. थेट बदलत नसतीलही, पण विनोद आणि मागणी एकत्र नांदू शकतात याचा दाखला आहे. 1973 मध्ये बॉस्टनमधल्या ऑफिसांत काम करणाऱ्या बायकांनी 'नाइन टू फाइव्ह' नावाची संघटना काढली. साहेबाची कॉफी, साहेबाच्या घरची खरेदी, आपण शिकवलेल्या पुरुषाला आपल्याआधी बढती, असल्या त्यांच्या तक्रारी. त्या चळवळीतून प्रेरणा घेऊन 1980 मध्ये जेन फोंडा, लिली टॉमलिन आणि डॉली पार्टन यांचा त्याच नावाचा चित्रपट आला. तो चक्क धमाल फार्स आहे, साहेबाला घरात डांबून ठेवण्यापर्यंत मजल जाते. पण साहेब डांबलेला असताना त्या तिघी काय करतात हे महत्त्वाचं. त्या ऑफिसचे नियम बदलतात: वेळा सोयीच्या, एका जागेवर दोघींनी अर्धा-अर्धा दिवस काम, ऑफिसातच पाळणाघर, समान कामाला समान वेतन. माणूस बाजूला केला की खरं काम सुरू होतं, हे त्या चित्रपटाला कळलं होतं.

शेवटी कंपनीचा सर्वोच्च अध्यक्ष येतो. उत्पादन वाढलंय, माणसं हसतमुख आहेत, तो भलताच खूश होतो. पाळणाघर छान, वेळा छान, रंगरंगोटी छान. मग तो साहेबाला जवळ घेऊन हळूच सांगतो की बाकी सगळं राहू दे, तेवढं समान वेतनाचं काढून टाक.